तुमचं इन्सुलिन कुठलं?

इन्सुलिन घेणारी दोन माणसं भेटली की नाव-गाव विचारायच्या आधी हा प्रश्न येतो. तुमचं कुठलं? किती युनिट? दोन वेळा की चार वेळा? लग्नाच्या हॉलमध्ये, डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये, आमच्या मुलुंडला सकाळी बागेत चालायला येणाऱ्या मंडळींमध्ये, सगळीकडे हेच. समोरच्याने नाव सांगितलं की लगेच पुढचा प्रश्न, ते चांगलं आहे का हो? मला कॉलेजात असल्यापासून टाइप १ डायबेटीस आहे, म्हणजे माझ्या शरीरात इन्सुलिन जवळपास तयारच होत नाही, जे काही मिळतं ते सुईतूनच. त्यामुळे हा प्रश्न मी खूप वेळा ऐकलाय आणि खूप वेळा विचारलाही आहे. आता मनापासून वाटतं की बाटलीवरचं नाव ही नंतरची गोष्ट. तुम्ही किती वाजता उठता, किती वाजता जेवता, जेवायला उशीर झाला तर हाताशी काय असतं, रात्री घरात कोण असतं, औषधाला दर महिन्याला किती पैसे काढता येतात, हे सगळं आधी बघायला हवं. इन्सुलिन त्यात बसलं तर बसलं, नाहीतर कितीही भारी असू दे, त्रासच.

आमच्या घरचंच सांगते. आईला टाइप २, म्हणजे शरीरात इन्सुलिन तयार होतं पण पुरत नाही, बरीच वर्षं गोळ्यांवर होती, नंतर गोळ्यांनी भागेना म्हणून डॉक्टरांनी ३०/७० सुरू केलं. म्हणजे एकाच बाटलीत ३० टक्के लवकर काम करणारं साधं रेग्युलर आणि ७० टक्के हळूहळू काम करणारं दुधाळ एनपीएच. सकाळ-संध्याकाळ दोनच इंजेक्शनं. आईचा दिवस म्हणजे भिंतीवरचं घड्याळ आहे. साडेसातला इंजेक्शन, आठला नाश्ता, एकला जेवण, चारला चहा आणि दोन मारी, साडेसातला पुन्हा इंजेक्शन, आठला जेवण. पाहुणे आले तरी ती आठला आपलं ताट वाढून घेते, तुम्ही बसा हळूहळू, मला सुई झाली आहे म्हणते. तिची तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) सात टक्क्यांच्या आसपास असते आणि लो, म्हणजे शुगर फार खाली उतरणं, तर क्वचितच होतं. तेच इन्सुलिन, तोच प्रकार, मी नोकरीला लागल्यावर घेत होते आणि त्याने मला पार हैराण करून सोडलं होतं.

कारण हे मिक्स इन्सुलिन एकदा टोचलं की दिवसभराचा कार्यक्रम ठरला. सकाळच्या इंजेक्शनातलं रेग्युलर नाश्त्यासाठी, आणि एनपीएच चार-पाच तासांनी जोर धरतं, ते दुपारच्या जेवणासाठी. म्हणजे दुपारी तुम्ही जेवणार हे शरीरात आधीच जमा झालेलं असतं. आता मुंबईत नोकरी करणाऱ्या माणसाला सकाळी सातला कोण सांगणार की दुपारी एकला डबा उघडायला मिळेल म्हणून? साहेबांनी मीटिंग लावली, बँकेचा माणूस आला, ऑडिट असलं, की डबा ड्रॉवरमध्ये आणि आतलं इन्सुलिन मात्र आपल्या वेळेवर हजर.

जुलैतला एक दिवस मला अजून तसाच्या तसा आठवतो. सातला इंजेक्शन, साडेसातला दोन पोळ्या आणि भाजी, सव्वाआठची गाडी. पाऊस रात्रीपासून लागलेला. कुर्ला गेलं आणि सायनच्या अलीकडे गाडी थांबली, रुळांवर पाणी. लेडीज डब्यात श्वास घ्यायला जागा नाही, खिडक्या पावसामुळे बंद, पंखे बंद. साडेनऊच्या सुमाराला मानेवर गार घाम यायला लागला. गर्दीचा घाम आणि शुगर उतरल्याचा घाम ह्यात फरक असतो, हा गार असतो आणि त्याच्याबरोबर वरच्या ओठाला बारीक मुंग्या येतात. मी पर्समधली ग्लुकोजची पुडी तोंडात रिकामी केली, पंधरा मिनिटांनी बरं वाटलं, आणि अर्ध्या तासाने पुन्हा तेच, कारण इन्सुलिन आत कामाला लागलेलंच होतं आणि गाडी होती तिथेच होती. एकदा आत गेलेलं इन्सुलिन परत काढता येत नाही हो, त्याला फक्त खायला घालत राहावं लागतं. माझे हात थरथरताना शेजारच्या बाईंनी बघितलं, म्हणाल्या, ताई, शुगर आहे का तुम्हाला? आणि मग पुढची काही मिनिटं त्या डब्यात काय काय पुढे आलं, लिमलेटच्या गोळ्या, कोणाच्या डब्यातला साखरेचा शिरा, कॉलेजच्या एका मुलीकडचा फ्रूटीचा पॅक, आणि ज्यांना बसायला मिळालं होतं त्यातल्या एक मावशी उठून उभ्या राहिल्या आणि मला खाली बसवलं. मी फ्रूटी प्यायले, गोळ्या चघळल्या, शिरा मागाहून खाल्ला, कारण तुपातली साखर हळू चढते आणि लो झाल्यावर आधी पटकन चढणारी हवी. गाडी बऱ्याच वेळाने हलली.

त्या बायकांचे उपकार मी विसरणार नाही. पण त्या दिवशी मला हेही कळलं की मी नियमाने खाल्लं होतं, वेळेवर टोचलं होतं, पुडी जवळ होती, सगळं बरोबर होतं, फक्त इन्सुलिन ज्या दिवसासाठी बनवलंय तो दिवस मध्य रेल्वेवर मिळत नाही.

रात्रीचं वेगळंच. नंतर डॉक्टरांनी मला दिवसा रेग्युलर आणि रात्री झोपताना नुसतं एनपीएच असं करून दिलं होतं. एनपीएच म्हणजे इन्सुलिनला प्रोटामिन नावाचं माशांपासून मिळणारं प्रोटीन जोडून त्याचा वेग कमी केलेला असतो, म्हणून ते पाण्यासारखं नितळ नसतं, घेण्याआधी हलक्या हाताने घोळवून एकसारखं दुधाळ करावं लागतं, आणि ते नीट घोळवलं गेलं नाही तर आज जास्त, उद्या कमी. १९४६ मध्ये ते तयार झालं आणि त्याने लाखो लोकांना जगवलंय, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण त्याला शिखर असतं. रात्री दहाला घेतलं की दोन ते चारच्या मध्ये कधीतरी त्याचा जोर सगळ्यात जास्त, आणि नेमकी तीच वेळ जेव्हा शरीराला इन्सुलिनची गरज सगळ्यात कमी. मग पहाटे चार-पाचनंतर कॉर्टिसोल, ग्रोथ हार्मोन वगैरे वाढायला लागतात, शुगर वर जायला लागते, तेव्हा हे उतरणीला लागलेलं. म्हणजे बरोबर उलटं. आई कित्येक महिने रात्री तीनचा अलार्म लावून उठायची, माझ्या कपाळाला हात लावून बघायची घाम आहे का. मी म्हणायचे, आई तू झोप ना, मी उठते माझी. ती म्हणायची, तुला जागच आली नाही तर?

कधीकधी मला १९२२ मधला टोरोंटोचा तो मुलगा आठवतो. लिओनार्ड थॉम्पसन, वय १४, वजन जेमतेम तीस किलोच्या आसपास. त्या काळात टाइप १ झालेल्या मुलांना उपाशी ठेवायचे, तेवढाच उपाय होता, आणि मुलं हाडांचा सापळा होऊन जायची. बँटिंग आणि बेस्ट ह्या संशोधकांनी तयार केलेला इन्सुलिनचा अर्क ११ जानेवारी १९२२ ला त्याला पहिल्यांदा टोचला आणि तो त्याला सोसला नाही. शुगर थोडीशीच उतरली आणि टोचलेल्या जागी गळू झालं. मग कॉलिप ह्या बायोकेमिस्टने रात्रंदिवस बसून तोच अर्क आणखी शुद्ध केला आणि २३ जानेवारीपासून दुसरा दिला, तो लागू पडला. पोरगा १९३५ पर्यंत जगला. जगातल्या पहिल्या पेशंटलासुद्धा पहिलं इन्सुलिन मानवलं नव्हतं, दुसरं शोधावं लागलं. हे मला फार धीर देणारं वाटतं. आपल्याकडे काय होतं, इन्सुलिन मानवत नाहीये असं पेशंट म्हणाला की घरचे, शेजारी, कधीकधी डॉक्टरसुद्धा आधी विचारतात, काय खाल्लंस? गोड खाल्लंस ना? पेशंट गप्प बसतो आणि तेच चालू ठेवतो. प्लीज असं गप्प बसू नका. लो-हायच्या नोंदी वेळेसकट लिहा आणि त्या घेऊन पुन्हा जा.

मी तशी गेले. डॉक्टरांनी वही बघितली आणि म्हणाले, तुम्हाला शिखर नसलेलं काहीतरी द्यायला हवं. तेव्हा ग्लार्जिन आपल्याकडे यायला लागलं होतं. हे प्रकरण मला तेव्हाही अद्भुत वाटलं आणि आजही वाटतं. ते इंजेक्शनच्या पेनमध्ये आम्लधर्मी असतं म्हणून नितळ राहतं, आणि कातडीखाली गेल्यावर आम्लता बदलली की तिथे त्याचे बारीक बारीक कण होतात आणि ते दिवसभर हळूहळू विरघळत राहतात. त्या आम्लतेमुळे काही जणांना टोचताना जरा चुरचुरतं, मला चुरचुरायचं. ते दुसऱ्या कुठल्या इन्सुलिनमध्ये मिसळायचं नसतं. दिवसातून एकदा हे, आणि जेवणाच्या वेळी तेवढ्यापुरतं झटपट काम करणारं दुसरं. म्हणजे मिक्सच्या वेळच्या दोन इंजेक्शनांची आता चार झाली. घरी सगळ्यांना वाटलं हिचा आजार वाढला. मला मात्र वाटलं की कोणीतरी माझा दिवस मला परत दिला, कारण आता जेवले तर टोचायचं, जेवणाला उशीर झाला तर टोचणं उशिरा. साहेबांची मीटिंग लांबली तर लांबू दे. आणि जुन्या रेग्युलरसारखं अर्धा तास आधी टोचून ताटाची वाट बघत बसायचं नाही, डबा उघडायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी पुरतं.

रात्रीचे लो जवळपास थांबले. आईने तीनचा अलार्म बंद केला. लगेच नाही, बऱ्याच दिवसांनी.

तरी ते शंभर टक्के जमलं असं नाही. संध्याकाळी सातनंतर काही न खाता शुगर वर सरकायची, आम्हाला कळेना का. खूप नंतर, दंडावर लावायचा, सतत शुगर मोजणारा तो चौदा दिवसांचा सेन्सर आला तेव्हा आलेख समोर दिसला, रात्री दहाला घेतलेलं ग्लार्जिन दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्यात विरत होतं. बहुतेकांना ते २४ तास पुरतं, काहींना पुरत नाही. डॉक्टरांनी वेळ बदलून पाहिली, मग दोन भागात देऊन पाहिलं, शेवटी डेग्लुडेक नावाचं आणखी लांब चालणारं इन्सुलिन दिलं. त्याचा असर ४२ तासांच्याही पुढे जातो, त्यामुळे रोज थोडं मागेपुढे झालं तरी चालतं, फक्त दोन डोसमध्ये निदान आठ तास हवेत. दिवाळीला गावी जाताना रात्रीची एसटी असो की ऑफिसातून साडेदहाला परत येणं असो, माझ्यासारखीला हे फार सोयीचं पडलं. पण त्याचा स्वभाव संथ, डोस बदलला तर खरा परिणाम दिसायला तीन-चार दिवस जातात, म्हणून आजची शुगर बघून आज बदल, उद्याची बघून उद्या बदल असं त्याच्याशी केलेलं चालत नाही. ज्याला रोज डोस हलवायची सवय आहे त्याला हे जड जातं. म्हणजे बघा, तेच औषध माझ्या सोयीचं आणि दुसऱ्याच्या गैरसोयीचं.

आणि इन्सुलिनला दोष द्यायच्या आधी टोचायची जागा बघावी, हे मी आग्रहाने सांगते. आमच्या बागेतल्या मंडळींमधले एक काका आहेत, त्यांचे युनिट वाढत वाढत चालले होते, दोनदा इन्सुलिन बदलून झालं, काका वैतागून म्हणायचे, मला काही लागूच पडत नाही. नवीन डॉक्टरांनी त्यांना झोपवून पोट दाबून बघितलं, बेंबीच्या उजव्या बाजूला लिंबाएवढी मऊ गाठ. वर्षानुवर्षं तिथेच टोचत होते, कारण तिथे दुखत नाही. दुखत नाही कारण तिथे चरबीची गाठ झालेली असते, आणि तिथून इन्सुलिन रक्तात कधी जातं कधी जात नाही, काही भरवसा नाही. जागा बदलायला लावली आणि आधी युनिट कमी केले, कारण चांगल्या जागी तेवढेच घेतले असते तर शुगर धाडकन उतरली असती. तुम्ही आज अंघोळीच्या वेळी स्वतःचं पोट आणि मांड्या बोटांनी चाचपून बघा, एवढं माझं ऐका.

सिरिंजचंही बोलायलाच हवं. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० युनिटवालं असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४०, आणि पेनातलं १००. लाल टोपीची सिरिंज ४० साठी, केशरी टोपीची १०० साठी. घाईगर्दीत केमिस्टने दुसरी दिली आणि आपण बघितली नाही तर २० युनिटच्या जागी ८ जातात, किंवा उलट झालं तर २० च्या जागी ५०, आणि हे ५० माणसाचा जीव घेऊ शकतात. घरात वयस्कर माणूस बाटलीतून घेत असेल तर टोपीचा आणि बाटलीचा आकडा जुळतोय ना हे तरुणांनी दर वेळी बघावं. बाटली स्वस्त पडते म्हणून तिला कमी लेखू नका पण. पालिकेच्या हॉस्पिटलात मिळतं ते बहुतेक हेच साधं मानवी इन्सुलिन, आणि वेळेवर जेवणाऱ्या माणसाला त्याने उत्तम कंट्रोल मिळतो, आमची आई त्याचं उदाहरण. दर महिन्याला नियमाने परवडणारं साधं इन्सुलिन, पैसे संपले की पंधरा दिवस बंद होणाऱ्या भारी इन्सुलिनपेक्षा हजारपट बरं. २०२२ मध्ये ग्लार्जिन राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आलं तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता, कारण त्या यादीतल्या औषधांच्या किमतीवर सरकार मर्यादा घालतं.

बाकी आपली मुंबईची हवा. न उघडलेलं फ्रिजमध्ये, २ ते ८ डिग्रीत, दाराच्या कप्प्यात ठेवलं तर उत्तम, फ्रीझरजवळ अजिबात नाही, एकदा गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यायचं. चालू पेन बाहेर राहू शकतं, बहुतेक पेनं साधारण चार आठवडे, पण तीस डिग्रीच्या आत, आणि मे महिन्यात गर्दीच्या डब्यात छातीशी धरलेल्या पर्समध्ये तीस कुठलं राहायला? मातीच्या माठाची युक्ती कोरड्या हवेत छान चालते, आपल्याकडे दमट हवेत पाणी उडतच नाही म्हणून माठ तेवढा गार होत नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला अख्ख्या मुंबईची वीज गेली होती, आठवतंय? आमच्या बिल्डिंगमधल्या दोन-तीन जणांचे लगेच फोन, इन्सुलिन फेकायचं का? अजिबात नाही. फ्रिजचं दार उघडू नका, काही तासांनी काही होत नाही.

सध्या मला जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. इतकी वर्षं घालवून, इतक्या रात्री जागून एखादं इन्सुलिन माणसाला मानवतं, आणि एके दिवशी केमिस्ट सांगतो की हे पेन कंपनीने बंद केलं, येणार नाही. ह्यात पेशंटला कोणी विचारत नाही. बागेतल्या एका मावशींचं असंच झालं, त्यांना वाटलं नाव वेगळं, औषध तेच असेल. बदलावं लागलं तर डॉक्टरांना विचारूनच बदला, कारण युनिट तेवढेच ठेवून चालेलच असं नाही. दिवसातून दोनदा एनपीएच घेणारा माणूस ग्लार्जिनवर जातो तेव्हा साधारण वीस टक्के कमी करून सुरू करतात, असे हिशोब असतात त्यात, आणि पहिले काही दिवस रात्री उठून शुगर बघावी लागते. म्हणून शेवटचं पेन उघडेपर्यंत थांबू नका, दोन पेनं शिल्लक असतानाच दुकानात चौकशी करा.

आमच्या विंगमध्ये अकरावीतली एक मुलगी आहे, तिला ह्या पावसाळ्यात टाइप १ निघालं. मिक्स इन्सुलिनवर होती आणि कॉलेजात प्रॅक्टिकल चालू असताना साडेअकराला रोज लो. तिची आई माझ्याकडे आली, म्हणाली, ताई, तुम्ही घेता ते महागातलं आहे ना, तेच हिला सुरू करू का? मी म्हटलं, माझं नका घेऊ. तिचं आठवड्याचं टाइमटेबल लिहा, कुठल्या वारी किती वाजता निघते, ब्रेक कधी, क्लास कधी, रात्री जेवण कधी, आणि त्याच कागदावर शुगरचे आकडे, आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. त्यांनी तिला दिवसातून एकदा लांब चालणारं आणि जेवणाबरोबर झटपटवालं करून दिलं. पोरगी कॉलेजच्या कँटीनमध्ये सगळ्यांसमोर पेन काढून टोचते, मला तिचं फार कौतुक वाटतं, आम्ही बाथरूममध्ये जाऊन लपून टोचायचो. फुलका म्हणजे साधारण १५ ग्रॅम कार्ब (कर्बोदकं) वगैरे हिशोब ती माझ्यापेक्षा भराभर करते.

परवा तिची आई पुन्हा आली, नवरात्रात रोज गरब्याला जायचं म्हणतेय, पाठवू का? पाठवा की. पण आत्ताच डॉक्टरांना फोन करून विचारा त्या नऊ दिवसांत लांबवालं किती कमी करायचं, नाचायच्या आधीच्या जेवणाचं किती. मांडीत टोचून लगेच नाचायला जाऊ नको म्हणावं, पाय हलले की इन्सुलिन लवकर ओढलं जातं. ओढणीच्या गाठीत नाही, मैत्रिणीच्या पर्समध्येही नाही, तिच्या स्वतःच्या कमरेच्या पाऊचमध्ये ग्लुकोज आणि मीटर हवं, आणि बरोबरच्या दोघींना तरी माहीत हवं की ही गप्प गप्प झाली किंवा उगाच चिडली तर आधी गोड द्यायचं. घरी आल्यावर कितीही दमली तरी झोपायच्या आधी चेक, आणि तुम्ही पहिल्या दोन-तीन रात्री तीनला उठून एकदा बघा, कारण एवढं नाचल्यावर शुगर कित्येक तास खाली येत राहते. तिने हे सगळं फोनमध्ये टाइप करून घेतलं.